एडिथबाईंच्या घराची वर्गणी

गेल्या महिन्यात मी एका घराला पन्नास डॉलर दिले आणि नंतर चूक अशी केली की ते आप्पाकाकांना फोनवर सांगून बसले. आप्पा म्हणजे माझे सांगलीचे काका, वय ७८, गावभागात राहतात, आणि पैशाच्या बाबतीत त्यांना गोलगोल उत्तरं चालत नाहीत.

"कुणाचं घर गं?"

"एका डॉक्टरबाईंचं होतं आप्पा, आता त्या नाहीत."

"मग ऱ्हातंय कोण तिथं?"

"कुणी नाही. लोक तिकीट काढून बघायला येतात."

"तिकीट हाय, मग वर्गणी कशाला मागत्यात?"

मी म्हणलं नंतर सांगते, मीटिंग आहे. मीटिंग वगैरे काही नव्हती, उत्तर नव्हतं. आता जमतंय का बघते.

घर प्लेनोला आहे. टेक्सासचं प्लेनो नव्हे, तिथं अर्धं पुणं राहतं, हे इलिनॉयमधलं छोटंसं गाव, शिकागोपासून गाडीनं तासदीड तास, फॉक्स नदीच्या काठी. आम्ही ऑरोरात राहतो, बालाजी मंदिरापासून दहा मिनिटांवर, म्हणजे आम्हाला तर ते अर्ध्या तासावर, पण अकरा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो कारण आपलं असंच असतं, नायगारा तीनदा बघून झाला आणि घराजवळचं बघायचं राहिलं. शेवटी पुण्याहून भाची आली, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, ती एअरपोर्टवरून गाडीत बसल्या बसल्या म्हणाली मावशी मला फार्न्सवर्थ हाउस दाखव, बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल. नवरा म्हणाला आउटलेट मॉल पण नको? ती म्हणाली तो पण, पण नंतर.

तर गेलो. पार्किंगपासून नदीच्या कडेकडेनं झाडांतून बरंच चालत जावं लागतं आणि मग झाडांमधून एकदम ते दिसतं. पांढरं. सगळं पांढरं आणि काच. दोन स्लॅब, एक खालचा एक वरचा, त्यांना बाहेरून चिकटवल्यासारखे आठ लोखंडी खांब, मधे चारी बाजूंनी काच, आणि सगळं जमिनीपासून सव्वापाच फूट वर. टेकलेलं नाहीच कुठं. पुढं एक ओटा आहे, तोही अधांतरी, त्याच्या पायऱ्यासुद्धा खालून मोकळ्या. भाची बोलेना झाली, तिचे डोळे भरून आले खरोखर. आणि मी, खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला की हे लोक झाडू कुठं ठेवत असतील.

तो विचार काही अगदीच बावळट नव्हता हे नंतर कळलं. ज्यांचं घर होतं त्या एडिथ फार्न्सवर्थबाईंनाही अगदी तसलेच प्रश्न पडले होते. कपडे टांगायला नीट जागा नव्हती म्हणून त्यांना शेवटी एक उंच लाकडी कपाट करून घ्यावं लागलं. आतमध्ये एकही खोली नाही हो, मधोमध एक लाकडी ठोकळा, त्यात स्वयंपाकघर आणि बाथरूम, बाकी सगळं उघडं, साधारण दीड हजार स्क्वेअर फूट, म्हणजे पुण्यातल्या ऐसपैस थ्री बीएचके एवढी जागा आणि एक भिंत नाही. उघडता येणाऱ्या गोष्टी दोनच, पश्चिमेला दार आणि पूर्वेला खाली दोन छोट्या खिडक्या. नदीकाठी. इलिनॉयच्या उन्हाळ्यात. काच एकेरी, त्यामुळं हिवाळ्यात आतून घाम फुटतो काचांना. डासांचं तर विचारू नका, रात्री दिवा लावला की चारी काचांवर किडे, शेवटी बाईंनी ओट्यावर जाळीची खोली करून घेतली आणि आर्किटेक्टच्या चाहत्यांना त्या जाळीचा अजून राग आहे. जाळी लावल्याचा राग! आमच्या सोसायटीत पहिल्या आठवड्यात लोकांनी गॅलऱ्यांना ग्रिल ठोकलं होतं.

आर्किटेक्ट म्हणजे मीस व्हान डर रोह. जर्मनीतून १९३८ ला शिकागोत आलेला मोठा माणूस, आयआयटीत शिकवायचा (आपली नव्हे, इलिनॉयची), जगभरच्या काचेच्या ऑफिस बिल्डिंगांचं मूळ शोधत गेलं की त्याच्या दारात जाऊन पोचतो आपण, आमच्या हिंजवडीच्या ऑफिससकट. एडिथबाई त्याला १९४५ ला एका जेवणाच्या वेळी भेटल्या. बाई शिकागोत किडनीच्या डॉक्टर, नुसती प्रॅक्टिस नाही तर संशोधन करणाऱ्या, लग्न केलेलं नाही, स्वतःच्या पैशानं नदीकाठी नऊ एकर घेतलेले, तिथं वीकेंडला जाऊन राहायला छोटं घर हवं होतं. पुढं काय झालं ते कुठल्याही घर बांधलेल्या माणसाला सांगायला नको. ठरलं होतं ५८,४०० डॉलर, झाले ७४,०००. कोरियन युद्धामुळं माल महागला होता हे खरं, पण बाई म्हणाल्या बस, आणखी नाही देणार, मीसनं फीसाठी केस केली, बाईंनी उलटी केस केली, १९५२ ला जवळच्या यॉर्कव्हिलला सुनावणी झाली, शेवटी तडजोड झाली आणि थोडेफार पैसे बाईंनाच मोजावे लागले.

एक सांगू का, या घराबद्दल काहीही वाचायला घेतलं की तिसऱ्या वाक्याला त्या दोघांचं काही होतं का नव्हतं ही चर्चा सुरू. १९४५ साली एक बाई स्वतःच्या पैशानं जगातल्या सगळ्यात धाडसी घराची ऑर्डर देते, ते बाजूलाच. २०२१ मध्ये आता घर सांभाळणाऱ्या संस्थेनं घराचं अधिकृत नाव बदलून एडिथ फार्न्सवर्थ हाउस केलं, नुसतं आडनाव होतं तिथं पहिलं नाव आलं, तेवढ्यासाठी सत्तर वर्षं. मी या पोस्टमध्ये एडिथबाई म्हणते आहे ते त्यामुळंच, आणि आमच्याकडं डॉक्टरबाईंना बाईच म्हणतात.

आता पाणी.

आप्पांच्या घरात जिन्याजवळच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. एक २००५ ची, एक २०१९ ची, ऑइलपेंटनं ओढलेल्या, शेजारी आप्पांच्या सुंदर अक्षरात तारीख. २००५ ची कमरेला लागते, २०१९ ची माझ्या डोक्यावरून जाते. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, ४५ फुटांना धोक्याची पातळी असते म्हणजे विचार करा. पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांनी मी गेले होते तरी घराला तो वास होता, पुराच्या गाळाचा, ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळत नाही. दारं फुगून बसली होती, देवघराचं दार तर रंधा मारून मारून निम्मं झालं. लोखंडी कपाट आडवं झालेलं, आतल्या पैठण्या गाळात. खोऱ्यानं ओढून ओढून बाहेर काढायचा गाळ आणि तो वाळला की परत पावडर होऊन घरभर.

हे सगळं माझ्या डोक्यात असताना तिथली गाईड, एक सत्तरीतल्या आजी होत्या, त्या काचेजवळ उभ्या राहून सांगतात की १९५४ ला, म्हणजे घर होऊन जेमतेम तीन वर्षं, पाणी या फरशीच्या चार फूट वर होतं. फरशीच्या वर! जमिनीच्या नव्हे. मीसनं घर उगीच पायांवर उभं केलं नव्हतं, नदीला पूर येतो हे त्याला माहीत होतं, सगळ्यात मोठा म्हणून जो पूर लोकांच्या आठवणीत होता त्याच्यावर राहील असा हिशोब केला होता, आणि नदीनं तीन वर्षांत हिशोब चुकवला. मग १९९६. जुलैच्या १७-१८ तारखेला आमच्या ऑरोरात चोवीस तासांत १६.९१ इंच पाऊस पडला, इलिनॉयचा तो रेकॉर्ड आहे, जवळजवळ ४३० मिलिमीटर. मुंबईच्या २६ जुलैच्या ९४४ पुढं काहीच नाही म्हणा, पण इथल्या नद्यांना सवय नाही. घरात पाच फूट पाणी, काच फुटली, फर्निचर, भिंतीवरची चित्रं, सगळं वाहून गेलं नाहीतर कुजलं. आणि २००८ च्या सप्टेंबरात परत दीड फूट. एडिथबाईंचं ते कपाट या २००८ च्या पाण्यात भिजलं, मग दुरुस्त करावं लागलं. मी ते कपाट बघितलं आणि खालची कडा बघत बसले, भाची म्हणाली मावशी घर तिकडं आहे.

बरं, हे घर वाचलं कसं ही खरी वर्गणीची गोष्ट, तिच्याकडं येते.

एडिथबाई तिथं वीसेक वर्षं येत-जात राहिल्या. मग सरकारनं रस्ता आणि पूल सरकवायचा ठरवला, त्यात त्यांची दोन एकर जमीन सक्तीनं गेली, कोर्टात हरल्या, घरातून पुलावरच्या गाड्या दिसायला ऐकायला लागल्या आणि बाई वैतागल्या. पीटर पालुंबो म्हणून लंडनचा एक बिल्डर होता, मीसचा भक्त, त्याला १९७२ ला घर विकून टाकलं आणि त्या इटलीत जाऊन राहिल्या, कवितांची भाषांतरं करत. छान केलं. पालुंबो श्रीमंत होता, हौशी होता, त्यानं घर नीट ठेवलं, जाळी काढली, एसी बसवला, ९६ च्या पुरानंतर मीसच्या नातवाकडून, तोही आर्किटेक्टच, पुन्हा जसंच्या तसं उभं करून घेतलं. पण एका माणसाच्या हौशीवर किती दिवस. त्यालाही विकायचं होतं. इलिनॉय सरकार सत्तर लाख डॉलरला घेणार होतं, सगळं ठरल्यात जमा होतं, मग सरकारकडं पैशाची तंगी आली आणि २००३ मध्ये त्यांनी अंग काढून घेतलं. पालुंबो गेला न्यूयॉर्कला सदबीजकडं, लिलावाला. चित्रं विकतात तसं घर.

आता लिलावात घर विकलं तर बिघडलं कुठं, असं मला वाटलं होतं. भाचीनं समजावलं. सुटं करून उचलून नेता येण्यासारखं घर आहे हे, लोखंड आणि काच, आणि घेणाऱ्यानं ते तिथंच ठेवावं अशी कसलीही अट नव्हती. कुणीही धनाढ्य माणूस ते सुटं करून आपल्या इस्टेटीवर स्विमिंग पूलशेजारी पाहुण्यांची खोली म्हणून उभं करू शकला असता. ही काही हवेतली भीती नव्हती. आदल्याच वर्षी, २००२ ला, कॅलिफोर्नियात रँचो मिराजला रिचर्ड नॉयट्रानं बांधलेलं मॅस्लन हाउस एकानं विकत घेतलं आणि महिन्याभरात पाडून टाकलं. कायदेशीर परवानगी काढून. लोक निषेधाची पत्रं लिहीपर्यंत तिथं माती होती.

म्हणून शिकागोतली लोकं कामाला लागली. एक राज्यातली संस्था, आज तिला लँडमार्क्स इलिनॉय म्हणतात, एक देशपातळीवरची नॅशनल ट्रस्ट, आणि एक मित्रमंडळ, त्याचे म्होरके जॉन ब्रायन, सारा ली कंपनीचे माजी प्रमुख (केक आणि ब्रेडवाली सारा ली). लिलाव १२ डिसेंबर २००३. अंदाज ४५ ते ६० लाख डॉलरचा. हे म्हणजे गणपती चतुर्थीला बसायचा आहे आणि तृतीयेला मंडळाकडं मांडवाचेसुद्धा पैसे नाहीत तशी गत, शेवटच्या दिवसांपर्यंत फोनाफोनी चालू, तू किती वाढवतोस मी किती वाढवतो. आपल्याकडं पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातात, तिथं पाच-पन्नास माणसांचे फोन नंबर पुरतात, फरक तेवढाच. शेवटी हातोडा ६७ लाखांवर पडला, लिलाववाल्यांचं कमिशन धरून ७५ लाख डॉलर. त्यावेळच्या रुपयांत साधारण ३४ कोटी. ७४ हजारांत झालेलं घर, ज्याच्यावरून बाई कोर्टात गेल्या होत्या.

ही गोष्ट गाईड आजींनी अशी रंगवून सांगितली की आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग आजींनी हळूच पुढचं सांगितलं, त्याला टाळ्या नव्हत्या. घर घेतलं, २००४ ला लोकांसाठी उघडलं, २००६ ला राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू म्हणून पाटीही लागली, पण लोखंड गंजतं हो. नदीकाठची हवा. पांढरा रंग दर काही वर्षांनी काढून खरवडून परत. ओट्याची फरशी, ट्रॅव्हर्टिन दगडाची, तिच्याखाली पाणी निचरायला खडी भरलेली, वरून एकदम सपाट दिसावी म्हणून उतार आतल्या आत, फार हुशारीचं काम, पण ते तुंबलं की थंडीत बर्फ होऊन फरशी तडकणार. छत सपाट. सपाट छताबद्दल मी कोकणी आणि सांगलीकर दोन्ही बाजूंनी बोलू शकते पण राहू दे.

माझं मत असं झालंय की घर वाचवायला पैसे मिळतात, घर सांभाळायला मिळत नाहीत. लग्नाला हजार माणसं येतात, संसाराला कोण येतं? लिलावाचा दिवस म्हणजे लग्न. थरार असतो, तारीख असते, समोर व्हिलन असतो. गंजलेल्या खांबाला व्हिलन कुठून आणायचा. आपल्याकडं देवळाचा जीर्णोद्धार काढला की कळसाला, चांदीच्या मखराला, दारावरच्या घंटेलासुद्धा नाव कोरून देणगी मिळते, ड्रेनेजच्या पाइपला कोणी देत नाही कारण त्यावर कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ लिहिता येत नाही. इथंही तेच. मी तिथल्या देणगीच्या पेटीजवळ उभी राहून विचार करत होते की पंपाच्या दुरुस्तीला देऊ का रंगाला, तर फॉर्मवर असलं काही नव्हतंच, नुसतं "जिथं गरज असेल तिथं". मला ते आवडलं. तेच खरं मागणं.

आणि सगळ्यात मोठा खर्च अजून व्हायचाच आहे, तो पाण्याचा. इंजिनिअर लोकांनी बरीच वर्षं डोकं लावलंय. एक मार्ग, घर उचलून आवारातल्याच उंच जागेवर न्यायचं. दुसरा, जागा तीच पण भराव टाकून जमीनच वर घ्यायची. तिसरा ऐकून नवरा खूश झाला, घराखाली खड्डा करून हायड्रॉलिक जॅक बसवायचे, पूर आला की बटण दाबायचं आणि अख्खं घर वर, पूर ओसरला की खाली. भाची म्हणाली नदीपासून हलवलं तर ते घरच राहत नाही, नदीसाठीच बांधलंय ते, दुसरं कुणीतरी म्हणालं की ऐन पुरात लाइट गेली आणि जॅक अडकला तर? यावर दोन-दोन तास भांडता येतं आणि आम्ही येताना गाडीत भांडलो. जॅकचं मी आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले त्यात काय नवीन, आपल्याकडं पण ती हरियाणाची माणसं येत्यात, जॅक लावून घर चार फूट उचलून देत्यात. खरंच आहे, मी व्हिडिओ बघितलेत, वर बायका स्वयंपाक करतायत आणि खाली माणसं एक दोन तीन म्हणून जॅक फिरवतायत. फक्त ते घर एकदाच उचलतात, खाली घेत नाहीत.

आता माझे पन्नास डॉलर. ते मी भाचीसाठी दिले नाहीत, मीससाठी तर मुळीच नाही. झालं असं की मी आजींना विचारलं, पूर वाढले कशानं हो? मला वाटलं हवामानबदल वगैरे म्हणतील. त्या म्हणाल्या, ते आहेच, पण वरच्या अंगाला बघ की, सगळी उपनगरं झाली. पूर्वी मक्याची शेतं होती, पाणी मुरायचं. आता छपरं, रस्ते, पार्किंग लॉट, सगळं पाणी नळातून धाडकन नदीत. मी विचारलं वरच्या अंगाला म्हणजे कुठली गावं, तर त्या सहज म्हणाल्या, एल्जिन, ऑरोरा, ओस्वीगो.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी बुटांकडं.

आमचं सबडिव्हिजन २००६ चं आहे. त्याआधी तिथं मकाच होता, आमचे शेजारी सांगतात. तीन गाड्या उभ्या राहतील असा आमचा सिमेंटचा ड्राइव्हवे आम्ही स्वतः वाढवून घेतलाय, गेस्ट येतात म्हणून. पाऊस आला की त्याच्यावरून पाणी कसं पळतं ते मी कॉफी घेऊन गॅरेजच्या दारातून कितीदा बघितलंय, छान वाटतं बघायला, कडेच्या जाळीत जातं आणि संपलं. संपत नाही तर. आमच्या अंगणातलं पाणी फॉक्स नदीतनं एडिथबाईंच्या काचेपर्यंत जातं. सांगलीत आम्ही आयुष्यभर वरच्या धरणवाल्यांना आणि खालच्या अलमट्टीवाल्यांना शिव्या घातल्या, तुम्ही सोडता तुम्ही अडवता आणि बुडतो आम्ही. इथं मी वरची झाले होते आणि मला पत्ताच नव्हता.

मग पन्नास डॉलर म्हणजे वर्गणी नाही, काय म्हणायचं त्याला, पाणीपट्टी म्हणा. कंपनी मॅचिंग देते त्यामुळं त्याचे शंभर झाले, टॅक्समध्ये थोडे सुटतील, म्हणजे फार काही त्यागबिग नाही. नवरा म्हणाला पन्नास देण्यापेक्षा ड्राइव्हवे फोडून निम्म्या जागेत झाडं लाव. तो म्हणतो ते बरोबर आहे, म्हणून मला राग आला.

भाचीशी मात्र माझा एक वाद राहिला तो राहिलाच. मी म्हणलं श्रीमंत बाईचं वीकेंडचं घर, ज्यात ती स्वतः सुखानं राहिली नाही, त्याला एवढे पैसे, आणि आपल्याकडं २०१७ ला दिल्लीत प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स एका रात्रीत पाडलं, अख्ख्या देशाचं होतं ते, राज रेवलांचं डिझाइन, महेंद्र राज यांचं इंजिनिअरिंग, तेव्हा कुठं गेली होती वर्गणी? ती म्हणाली मावशी तिथं पैसे कमी पडले नव्हते, सरकारलाच नको होतं. विकतच मिळणार नव्हतं तर वर्गणी कशाची काढणार. मग ती म्हणाली, आपल्याकडं पन्नास वर्षांची बिल्डिंग म्हणजे जुनी नाही, नुसती जुनाट. किल्ला असेल तर वारसा, वाडा असेल तर बघू, सिमेंट-काच असेल तर रिडेव्हलपमेंट. अच्युत कानविंदे आपल्या आचऱ्याचे, मालवणजवळचे, हार्वर्डला ग्रोपिअस या मोठ्या आर्किटेक्टकडं शिकून आले, आयआयटी कानपूर बांधलं, किती मराठी माणसांना माहितीय? मला माहीत नव्हतं. मी गप्प बसले आणि आउटलेट मॉलला गाडी वळवली.

एवढं सगळं मी परवा आप्पांना सांगितलं, व्हिडिओ कॉलवर, फोटो दाखवत. त्यांनी चष्मा वर करून खांब बारकाईनं बघितले, वेल्डिंग दिसत नाही म्हणाले. मी म्हणलं घासून घासून मिटवलंय. "चांगलं काम हाय," म्हणाले. काचा बघून म्हणाले एवढ्या मोठ्या काचेला पाण्याचा रेटा सोसणार न्हाई, दारं उघडी ठेवावीत पुरात, पाणी आत येऊ द्यावं, आत-बाहेर सारखं झालं की भिंत पडत नाही. हे त्यांना २००५ नं शिकवलंय.

मग मी विषय काढला. आमच्या चुलतभावंडांचा ग्रुप आहे, एकवीस जण, पुण्यापासून मेलबर्नपर्यंत, त्यावर मी गेल्या वर्षी आप्पांच्या घराच्या जोत्याला आणि मागच्या भिंतीला पैसे काढूया म्हणून लिहिलं होतं. अकरा बदाम आले, चार हात जोडलेले आले, एकानं लहानपणचा त्या अंगणातला फोटो टाकला त्यावर परत सोळा बदाम. पैसे दोघांनी पाठवले. मी आप्पांना म्हणलं, परत टाकते ग्रुपवर, या वेळी तारीख घालते, पावसाळ्याच्या आत एवढे एवढे जमायला हवेत, लिलावासारखं.

आप्पा म्हणाले नको. मग थोडं थांबून म्हणाले, टाक, पण भिंत म्हणू नको, जुनं देवघर पडायला आलंय म्हण.

"पडायला आलंय का?"

"न्हाई. पण भिंतीला कोण देतंय."

काल रात्री इथं विजा कडकडत होत्या. मी उठून फोनवर फॉक्स नदीची मॉन्टगॉमरी गावाजवळची पातळी बघितली, हल्ली बघते, सरकारी साइटवर निळी रेघ असते ती. चढत होती, फार नाही. तेवढ्यात आप्पांचा मेसेज, तिकडं दुपार झालेली, "आयर्विन १४ फूट. तुझ्या बाईंच्यात किती?"